मळमळ नेमकी कुठे होते?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

पोटात ढवळतंय, मळमळतंय, जिवाची घालमेल होतेय, कोरड्या उमाळ्या येतायत... या एका त्रासासाठी आपल्या भाषेत शब्दांची कमी नाही. उपायही तितकेच. कुणी आल्याचा रस आणि मध देतं, कुणी आवळासुपारी, कुणी लिंबू हुंगायला सांगतं. दोष मात्र सगळेजण पोटालाच देतात. मी कित्येक वर्षे वैद्यकीय विद्यार्थ्यांना औषधशास्त्र शिकवले. या विषयाच्या पहिल्या तासाला मी विचारत असे, "उलटी कोण करतं?" वर्ग एका सुरात उत्तर देई, "जठर!" हे उत्तर चूक आहे, आणि ते चूक असल्याचे सिद्ध होऊन दोनशेहून अधिक वर्षे झाली आहेत. उलटीत जठर स्वतः फारसे काही करतच नाही. हुकूम देणारा दुसराच असतो. त्याचा शोध घेता घेताच आज घरोघरी असलेल्या उलटीच्या आणि पचनाच्या गोळ्या जन्माला आल्या. त्या गोळ्या शरीरात जाऊन काय करतात आणि कधीकधी अपाय का करतात, हे त्यांच्या इतिहासातून फार चांगले कळते.

सुरुवात पॅरिसमध्ये होते, १८१३ साली. फ्रान्स्वा माजांदी नावाच्या तरुण शास्त्रज्ञाने एका कुत्र्याचे जठर काढून टाकले आणि त्याजागी डुकराचे मूत्राशय जोडले. त्यात द्रव भरला. मग कुत्र्याच्या शिरेतून अँटिमनीचा एक क्षार टोचला. हा क्षार त्या काळी उलटी करवण्यासाठी सर्रास वापरत. कुत्र्याला उलटी झाली. आतला द्रव तोंडावाटे बाहेर पडला. मूत्राशय ही तर नुसती पिशवी! ती स्वतःहून काही बाहेर फेकणे शक्य नव्हते. म्हणजे जोर लावला होता तो पोटाच्या स्नायूंनी आणि छाती-पोटामधल्या पडद्याने. भूल देण्याची सोय तेव्हा नव्हती. माजांदीच्या अशा प्रयोगांवर क्रौर्याचा आरोप झाला आणि तो खोटा म्हणता येणार नाही. पण एक गोष्ट कायमची ठरली. उलटीच्या वेळी जठर सैल पडून राहते आणि बाहेरचे स्नायू त्याला पिळून काढतात. आणि ज्या अर्थी विष पोटात न जाता रक्तातून दिले तरी उलटी होते, त्या अर्थी रक्तातले विष ओळखणारे कुणीतरी शरीरात आहे.

ते 'कुणीतरी' सापडायला आणखी सव्वाशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला. १९५०च्या आसपास न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिह-चुन वांग आणि हर्बर्ट बोरिसन या दोघांनी कुत्र्यांच्या मेंदूच्या तळाशी असलेला एक चिमुकला भाग निकामी केला. अपोमॉर्फिन टोचले की एरवी कुत्र्याला काही मिनिटांत उलटी होते. या कुत्र्यांना ती झाली नाही. पण याच कुत्र्यांना मोरचूद पोटातून दिल्यावर मात्र उलटी झाली! मोरचुदाने जठराच्या अस्तराला चटका बसतो. तो निरोप पोटाकडून मज्जातंतूंच्या मार्गाने मेंदूला पोहोचला होता. म्हणजे उलटीच्या हुकुमापर्यंत जायला निदान दोन वाटा आहेत, एक रक्तातून आणि एक पोटातल्या मज्जातंतूंतून.

मेंदूच्या त्या चिमुकल्या भागाची जागाही विचार करण्यासारखी आहे. रक्तातली नको ती रसायने मेंदूत शिरू नयेत म्हणून मेंदूभोवती निसर्गाने एक कुंपण घातले आहे. या ठिकाणी मात्र ते कुंपण विरळ आहे. कारण उघड आहे. या चौकीदाराचे कामच रक्ताची चव घेत राहण्याचे आहे. विष आल्याची शंका आली की तो वर्दी देतो. ही चौकी कुंपणाबाहेर आहे, एवढे लक्षात ठेवा. पुढे एका औषधाचे सगळे यश त्यावरच उभे आहे.

आणखी दोन वाटा आपल्या अनुभवाच्या आहेत. घाटात एसटी वळणे घेऊ लागली की कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव सांगतो, 'आपण हलतोय', तर पुस्तकात खुपसलेले डोळे सांगतात, 'नाही, सगळे स्थिर आहे'. या विसंवादातून गाडी लागते. चौथी वाट मनाची. किळसवाणा वास, भीती, नुसती आठवण. केमोथेरपी घेतलेल्या काही रुग्णांना पुढच्या खेपेला इंजेक्शन मिळण्याआधी, रुग्णालयाचे फाटक दिसताच उमाळे येतात. या प्रत्येक वाटेवर निरोप नेणारी रसायने थोडीफार वेगळी असतात. म्हणूनच एका तऱ्हेच्या उलटीवर गुणकारी ठरलेले औषध दुसऱ्या तऱ्हेवर साफ निकामी ठरू शकते.

आता जठराच्या खऱ्या कामाकडे वळू. ते काम घुसळण्याचे आणि पुढे ढकलण्याचे. निरोगी माणसाच्या जठरातून मिनिटाला साधारण तीन लाटा खालच्या टोकाकडे जातात. अन्नाचा भुगा एक-दोन मिलिमीटरइतका बारीक झाला की मगच तो आतड्याच्या दारातून पुढे सरकतो. जाड तुकडे पुन्हा घुसळायला मागे येतात.

हे काम माणसाला पहिल्यांदा नीट पाहता आले ते एका अपघातामुळे. ६ जून १८२२ रोजी अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या कॅनेडियन तरुणाला जवळून बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण त्याच्या पोटाला जठरापर्यंत जाणारे भोक कायमचे राहिले. लष्करी डॉक्टर विल्यम ब्यूमाँट यांनी त्या भोकातून रेशमी दोऱ्याला बांधलेले मांसाचे तुकडे, भाज्या आत सोडल्या आणि ठरावीक वेळाने बाहेर काढून पाहिल्या. १८३३ साली त्यांनी हे प्रयोग पुस्तकरूपाने छापले. सेंट मार्टिन या प्रकाराला कंटाळून अनेकदा चिडत असे आणि तो चिडला की पचन बिघडते, हेही ब्यूमाँट यांनी नोंदवले. पुढे क्ष-किरणांचा शोध लागल्यावर, १८९६च्या अखेरीस, हार्वर्डचा विद्यार्थी वॉल्टर कॅनन याने मांजरांना बिस्मथ मिसळलेले अन्न चारून जठराच्या लाटा प्रत्यक्ष पाहायला सुरुवात केली. मांजर शांत असले की लाटा नियमित चालत. ते बिथरले की लाटा थांबत. चिंतेत असताना जेवण का जात नाही, याचे उत्तर असे पडद्यावर दिसले.

आता औषधांकडे येऊ. गाडी लागण्यावरचे एक जुने औषध आपल्या रस्त्याकडेच्या धोतऱ्यात असलेले द्रव्य आहे. त्याचे नाव स्कोपोलामीन. कानाकडून मेंदूकडे जाणारा निरोप ते अडवते. त्यासाठी कुणी धोतरा खाऊ नये, कारण औषधाची मात्रा आणि जिवावर बेतणारी मात्रा यांत धोतऱ्याच्या बाबतीत भरवसा नसतो. दुसरे औषध योगायोगाने हाती आले. १९४७ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या ॲलर्जी विभागात एका बाईंना अंगावर पित्त उठते म्हणून एक नवे औषध दिले. तिला ट्रामने प्रवास करताना नेहमी मळमळे. औषध घेतल्यावर ती मळमळ थांबली, आणि हे तिनेच डॉक्टरांना सांगितले. लेस्ली गे आणि पॉल कार्लिनर या डॉक्टरांनी हे सांगणे मनावर घेतले आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कहून जर्मनीकडे निघालेल्या लष्करी जहाजावरच्या १३००हून अधिक सैनिकांवर त्याची चाचणी केली. ते औषध म्हणजे डायमेनहायड्रिनेट. ते हिस्टामीनचा निरोप थोपवते. हिस्टामीन माणसाला जागे ठेवण्याचेही काम करते, म्हणून ही गोळी घेतली की झोप येते. औषध एक दार बंद करते, पण तसलेच दार शरीरात दुसरीकडेही असते. आजच्या विषयाचे सगळे सार या एका वाक्यात आहे.

याचा सर्वांत ठळक दाखला म्हणजे मेटोक्लोप्रामाइड. हृदयाचे बिघडलेले ठोके ताळ्यावर आणणाऱ्या प्रोकेनामाइड या औषधात फेरफार करता करता फ्रान्समध्ये हे औषध हाती लागले. १९६४ साली लुई जुस्तँ-बेझांसों आणि शार्ल लाव्हील यांनी त्याची माहिती प्रसिद्ध केली. चौकीदाराला वर्दी देणारे एक प्रमुख रसायन म्हणजे डोपामीन. मेटोक्लोप्रामाइड ते अडवते आणि उलटी थांबते. शिवाय डोपामीन जठराच्या हालचालीला लगाम घालते. तो लगाम सुटला की जठर जोमाने चालते. वर हे औषध जठराच्या स्नायूंना चालना देणारे ॲसिटिलकोलीन अधिक पाझरायला लावते. म्हणजे ब्रेकही सोडायचा आणि ॲक्सिलरेटरही दाबायचा.

पण हे औषध मेंदूचे कुंपण ओलांडून आत जाते. आत हेच डोपामीन आपल्या हालचाली सांभाळत असते. मग काही रुग्णांची, विशेषतः मुलांची आणि तरुणांची, मान वाकडी होते, जबडा आवळतो, डोळे वर फिरतात. उलटीसाठी इंजेक्शन घेऊन घरी गेलेला मुलगा तासाभराने असा परत आला की नातेवाइकांना झटका आला असे वाटते, कुणाला बाहेरची बाधा वाटते. योग्य इंजेक्शन दिले की हा प्रकार थोड्याच वेळात थांबतो. मात्र हेच औषध महिनोन्महिने घेतले तर ओठ-जिभेच्या आपोआप होणाऱ्या हालचाली कायमच्या मागे लागू शकतात. म्हणून २००९ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर ठळक चौकटीत इशारा छापायला लावला आणि २०१३ साली युरोपीय यंत्रणेने ते जास्तीत जास्त पाच दिवस द्यावे असे सांगितले.

चौकी कुंपणाबाहेर आहे, हे मघाशी लक्षात ठेवायला सांगितले ते याचसाठी. बेल्जियममध्ये पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत १९७४ साली असे औषध तयार झाले जे डोपामीन अडवते, पण कुंपण सहसा ओलांडत नाही. ते डोम्पेरिडोन. चौकीदार गप्प, जठर चालू, आणि मान वाकडी होण्याची भीती फार कमी. औषधशास्त्राच्या दृष्टीने फार सुरेख कल्पना! पण कसोटी अजून बाकी होती. केमोथेरपीच्या रुग्णांना हे औषध शिरेतून मोठ्या मात्रेत दिल्यावर काहींचे हृदय बंद पडले आणि १९८०च्या दशकात त्याचे इंजेक्शन मागे घ्यावे लागले. गोळ्या राहिल्या.

हृदयाला धोका का, हे नीट समजले ते त्याच घराण्यातल्या पुढच्या औषधामुळे. त्याचे नाव सिसाप्राइड. ते डोपामीनला हात लावत नसे, फक्त जठर-आतड्यांच्या हालचालीला चालना देई. छातीतल्या जळजळीसाठी ते जगभर खपले. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडते आणि हृदय पुढच्या ठोक्याला सज्ज होते. सिसाप्राइड नेमकी ती वाट अडवत होते. त्यातच रुग्ण एरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक किंवा बुरशीवरचे काही औषध घेत असेल, तर यकृताला सिसाप्राइड निकामी करता येत नसे. ते रक्तात साठत जाई आणि हृदयाची लय सुटे. १९९९ अखेरपर्यंत अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे हृदयाची लय बिघडल्याच्या ३४१ नोंदी आल्या, त्यांपैकी ८० जण मरण पावले होते. जुलै २०००मध्ये तिथल्या बाजारातून ते काढून घेण्यात आले. आपल्याकडे त्यावर बंदी आली फेब्रुवारी २०११मध्ये. मधली दहा वर्षे ते इथे उपलब्ध होते. जळजळ होते म्हणून घेतलेल्या गोळीने जीव जावा, याहून विषम सौदा कोणता?

या इतिहासाची दुसरी, उजळ बाजू कर्करोगाच्या वॉर्डात दिसते. १९७८च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत सिसप्लॅटिन या औषधाला मान्यता मिळाली. काही कर्करोगांत त्याने चमत्कार वाटावा असे गुण दिले. पण ते घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला भयंकर उलट्या होत. 'मरण परवडलं, पण हे नको' म्हणून उपचार सोडणारे रुग्ण त्या पिढीच्या डॉक्टरांनी पाहिले आहेत. १९८१ साली न्यूयॉर्कच्या रिचर्ड ग्राला आणि सहकाऱ्यांनी दाखवले की मेटोक्लोप्रामाइड नेहमीपेक्षा कितीतरी मोठ्या मात्रेत दिले तर या उलट्या बऱ्याच आटोक्यात येतात. कोडे असे होते की डोपामीन अडवणारी इतर औषधे इथे तितकी चालत नव्हती. म्हणजे मोठ्या मात्रेत हे औषध दुसरेच कुठले तरी दार बंद करत असणार.

ते दार आधीच कुणीतरी पाहून ठेवले होते. १९५७ साली एडिंबरामध्ये जॉन गॅडम आणि पिकारेली यांनी गिनीपिगच्या आतड्यावर काम करताना दाखवले होते की सेरोटोनिन हे रसायन ओळखणारी दारे दोन प्रकारची असतात. शरीरातले सुमारे ९० टक्के सेरोटोनिन मेंदूत नव्हे, आतड्यात असते. सिसप्लॅटिनने आतड्याच्या पेशी दुखावल्या की ते भसाभस बाहेर पडते, व्हेगस या मज्जातंतूच्या टोकांवर आदळते आणि मेंदूला निरोप जातो. वांग आणि बोरिसन यांच्या मोरचुदाच्या प्रयोगातली हीच ती पोटाची वाट! इंग्लंडच्या ग्लॅक्सो कंपनीतील शास्त्रज्ञांनी फक्त हेच दार बंद करणारे ऑन्डान्सेट्रॉन तयार केले. जानेवारी १९९१मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. मान वाकडी होणे नाही, गुंगी नाही. आतड्यातले तेच दार बंद झाल्याने बद्धकोष्ठ मात्र होते, डोकेही दुखते. मोठ्या मात्रेत हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून २०१२ साली शिरेतून एकदम ३२ मिलिग्रॅम देण्याची पद्धत अमेरिकेत बंद झाली.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होणाऱ्या उलट्यांना ऑन्डान्सेट्रॉन पुरे पडत नसे. त्यांचा निरोप 'सबस्टन्स पी' नेते. हे द्रव्य १९३१ साली घोड्याच्या मेंदूत आणि आतड्यात शोधले ते उल्फ फॉन ऑयलर आणि याच जॉन गॅडम यांनी. त्याला अडवणारे अप्रेपिटंट आले २००३ साली. गॅडम १९६५ सालीच गेले. आपल्या दोन्ही शोधांतून कर्करोगाच्या रुग्णांना एवढा दिलासा मिळेल, हे त्यांना कळले नाही. या साखळीत आपल्या मुंबईचाही दुवा आहे. ओलान्झापिन हे मूळचे मनोविकारावरचे औषध उलट्यांवरही चालते, पण १० मिलिग्रॅमच्या नेहमीच्या मात्रेने रुग्ण दिवसभर पेंगतो. टाटा मेमोरियल केंद्राने चाचणी करून २०२४ साली दाखवून दिले की २.५ मिलिग्रॅमनेही काम तितकेच भागते आणि पेंग कमी येते. नवे महाग औषध न शोधता जुन्याची मात्रा चौथ्या हिश्श्यावर आणणे हेदेखील मोठे संशोधन आहे.

गर्भवतींच्या मळमळीचा इतिहास तर दुहेरी धडा देणारा आहे. १९५७ साली पश्चिम जर्मनीत बाजारात आलेले थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध गर्भवतींना मळमळीसाठीही दिले गेले. १९६१च्या अखेरीस ते मागे घेईपर्यंत जगात दहा हजारांहून अधिक बालके हातापायांत व्यंग घेऊन जन्मली. त्या धास्तीचा फटका पुढे एका निर्दोष औषधाला बसला. डॉक्सिलामीन आणि ब-६ जीवनसत्त्व यांची जोडगोळी खटल्यांच्या माऱ्यामुळे १९८३ साली अमेरिकेत बंद पडली. ती व्यंग निर्माण करत नाही, असे पुरावे असूनही! तीच जोडगोळी २०१३ साली तिथे सन्मानाने परत आली.

आता तुमच्या औषधाच्या डब्याकडे वळतो. आम्लपित्तासाठी तुम्ही जी कॅप्सूल घेता, तिच्या नावाच्या शेवटी 'डी' हे अक्षर आहे का पाहा. बहुतेक वेळा त्याचा अर्थ डोम्पेरिडोन. २०१४ साली युरोपीय यंत्रणेने हे औषध फक्त मळमळ-उलटीसाठी, कमीत कमी मात्रेत आणि साधारणपणे एका आठवड्यापेक्षा जास्त नको, असे बजावले आहे. आपल्याकडे कितीतरी माणसे ते चहाआधी रोज घेतात, महिनोन्महिने घेतात, आणि त्यांना त्याचे नावही ठाऊक नसते. वय साठीच्या पुढे असेल, हृदयविकार असेल, किंवा सोबत एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन किंवा बुरशीवरचे औषध चालू असेल, तर ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा. पोट फुगले आहे, कळा येताहेत, वारा सरत नाही आणि उलट्या होताहेत, अशा वेळी आतड्याला पीळ किंवा अडथळा असू शकतो. तेव्हा आतडे जोराने चालवणारी गोळी घेणे म्हणजे बंद दारावर गर्दी लोटणे. लहान मुलाला जुलाब-उलट्या होत असतील तर पहिले औषध म्हणजे मीठ-साखरेचे पाणी, चमच्या-चमच्याने. बाकीचे डॉक्टरांनी ठरवावे.

उलटी हा आजार नव्हे. ती शरीराच्या चौकीदाराची आरोळी आहे. कधी ती फुकाची असते, जशी घाटातली. कधी ती असह्य असते, जशी केमोथेरपीतली. तेव्हा तिला गप्प करणारी औषधे हे माणसावर मोठे उपकारच आहेत. पण कधी ती खरी असते आणि आत काहीतरी बिघडले आहे हे तीच सांगत असते. आरोळी नेमकी कुठून आली, हे विचारल्याशिवाय रोज सकाळी चौकीदाराचे तोंड दाबून ठेवणे शहाणपणाचे नाही.